पक्षाघातातून सावरणारा सैनिक : पुनर्वसनाची मदत मागताना नेमकं काय मागायचं?

पाणवठा

भाऊ सैन्यात आहे, वय ३८. पाच आठवड्यांपूर्वी मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झाला. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला. बोललेलं बहुतेक समजतं, पण शब्द तोंडातून निघत नाहीत. सध्याची स्थिती : पलंगाच्या कडेला आधाराशिवाय बसतो, दोघांनी धरलं तर उभा राहतो. उजवा खांदा थोडा उचलतो, बोटं किंचित उघडतात. पाणी पिताना ठसका लागतो.

रुग्णालय पुढच्या आठवड्यात घरी सोडणार आहे. पुनर्वसन केंद्रात जागा मिळावी म्हणून केंद्राकडे आणि त्याच्या युनिटकडे अर्ज द्यायचा आहे. वहिनीने लिहिलेला कच्चा अर्ज दोन ओळींचा आहे : "प्रकृती गंभीर आहे, कुटुंब हवालदिल आहे, कृपया शक्य ती मदत करावी."

दोन प्रश्न आहेत. अर्जात काय लिहायचं? आणि जागा मिळेपर्यंत घरी काय करायचं, काय टाळायचं?

---

त्रिज्या

ताई, अर्जातली भावना खरी आहे, पण अर्ज वाचणाऱ्याला त्यावरून काहीच ठरवता येत नाही. केंद्राला तीन गोष्टी कळायला हव्यात : आज तो काय करू शकतो, काय करू शकत नाही, आणि काही आठवड्यांनी काय करता यावं अशी अपेक्षा आहे.

'आज काय' हे आकड्यांत लिहा. रुग्णालयाच्या फिजिओकडून किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारा) बार्थेल निर्देशांक भरून घ्या. १९६५ पासून वापरात असलेली १० बाबींची मोजपट्टी आहे, एकूण १०० गुण. जेवणं, अंघोळ, तोंड-केस आवरणं, कपडे, शौच आणि लघवीवरचा ताबा, शौचालयाचा वापर, पलंगावरून खुर्चीत जाणं, चालणं, जिने. एकूण आकड्याबरोबर प्रत्येक बाबीचे गुण वेगळे मागा. दोन माणसांचे ४० गुण सारखे दिसतात, पण एकाला लघवीवर ताबा नसतो आणि दुसऱ्याला नुसतं चालता येत नसतं. दोघांच्या गरजा अगदी वेगळ्या.

त्याखाली साध्या भाषेत : "पलंगाच्या कडेला किती मिनिटं बसतो, उभं राहायला किती माणसं लागतात, किती सेकंद उभा राहतो, एका वेळी किती मिनिटं व्यायाम झेपतो." शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. दाखल करून घेताना बरीच केंद्रं पाहतात की माणूस दिवसातून तुकड्यातुकड्यांनी मिळून काही तास मेहनत सोसू शकतो का. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत, ज्यांना गरज आहे त्यांना आठवड्यातून किमान ५ दिवस, रोज किमान ३ तास पुनर्वसन द्यावं असं म्हटलंय. २०१३ च्या सूचनांत प्रत्येक थेरपीसाठी ४५ मिनिटं होती. म्हणजे "आठवड्यातून दोनदा फिजिओ येईल" एवढ्यावर समाधान मानू नका.

युनिटचा अर्ज वेगळा करा. त्यांना वैद्यकीय तपशिलापेक्षा 'आमच्याकडून काय हवंय' हे कळायला हवं : प्रवासाची सोय, रजेची मुदत, कागदपत्रं, संपर्कासाठी एक ठरावीक अधिकारी.

---

सांजवात

त्रिज्याशी सहमत. रुग्णालय सोडण्याआधी हे हातात घ्या : स्कॅनच्या मूळ प्रतिमा (नुसता अहवाल पुरत नाही), हृदयाची आणि मानेच्या रक्तवाहिन्यांची तपासणी, औषधांची यादी मात्रेसह, गिळण्याच्या तपासणीचा निष्कर्ष. आणि सारांशात 'पक्षाघात' एवढंच लिहिलेलं असेल तर कारण लिहून मागा. ३८ व्या वर्षी कारण शोधलेलं असायलाच हवं. पुढचा झटका टाळण्याचे उपचार त्यावर ठरतात.

---

आडवाट

मुळात पाच आठवडे वाया गेले असं वाटतं. पहिल्या दिवसापासून उभं करून चालवायला हवं होतं. आता तरी यंत्रावर टांगून चालवण्याची सोय असलेलं केंद्रच शोधा. घरगुती व्यायामाने सैनिक परत उभा राहत नाही.

---

कंदील

@आडवाट, तळमळ समजली, पण दोन्ही मुद्दे तपासून पाहिले गेलेत आणि उत्तर वेगळं आलंय.

पहिल्या २४ तासांत जोमाने उठवण्याचा प्रयोग 'अ‍ॅव्हर्ट' नावाच्या चाचणीत झाला. २,१०४ रुग्ण, निष्कर्ष २०१५ मध्ये आले. खूप लवकर आणि जास्त वेळ उठवलेल्या गटात तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेल्यांचं प्रमाण नेहमीच्या काळजीच्या गटापेक्षा कमी निघालं. पहिल्या दिवशी फार न हलवणं ही कुचराई होती, हे घरच्यांनी मनातून काढून टाकावं.

दुसरं, पट्ट्याने वजन उचलून ट्रेडमिलवर चालवण्याची तुलना 'लीप्स' चाचणीत घरी फिजिओच्या देखरेखीखाली केलेल्या बळ आणि तोलाच्या व्यायामांशी झाली. ४०८ रुग्ण, २०११. वर्षअखेर चालण्यातली सुधारणा दोन्ही गटांत सारखीच होती. यंत्र वाईट आहे असं नाही. एकट्या फिजिओला न पेलणाऱ्या माणसाला सुरक्षितपणे भरपूर पावलं टाकायला लावता येतात, हा त्याचा खरा उपयोग. पण यंत्र नाही म्हणून जवळचं चांगलं केंद्र नाकारू नका. तिथे रोज किती तास, किती दिवस आणि एका सत्रात किती आवर्तनं (तीच हालचाल किती वेळा) करून घेतात ते विचारा.

---

आडवाट

अ‍ॅव्हर्टबद्दल माहीत नव्हतं. यंत्राचा आग्रह मागे घेतो. पण आवर्तनांचा आकडा कुठलं केंद्र सांगणार?

---

कंदील

विचारलं की सांगतात, आणि जे सांगू शकत नाहीत त्यांचं मोजमाप होत नाही हे तिथेच कळतं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत थेरपीची सत्रं प्रत्यक्ष बसून मोजली होती. हाताच्या कामांची सरासरी एका सत्रात ३२ आवर्तनं, चालण्याची सरासरी ३५७ पावलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसले ते दिवसाला शेकडो आवर्तनांनंतर. ही दरी भरून काढायचं काम दोन सत्रांच्या मधल्या वेळात घरच्यांनाच करावं लागतं.

---

शेवंती

पाण्याचा ठसका हा या यादीतला सगळ्यांत तातडीचा मुद्दा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

घरी नेण्याआधी स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्या आणि पातळ पदार्थ कोणत्या पातळीचे द्यायचे ते आकड्यात लिहून घ्या. 'जरा दाट करून द्या' हे पुरेसं नाही, कारण प्रत्येकाचं 'जरा' वेगळं असतं. आयडीडीएसआय नावाची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे, ० ते ७. घरी तपासायची पद्धत अशी : सुई नसलेली १० मिलिची सिरिंज घ्या, दट्ट्या काढा, खालचं तोंड बोटाने बंद करून १० मिलिपर्यंत द्रव भरा, बोट काढा, बरोबर १० सेकंदांनी पुन्हा बंद करा. किती उरलं ते पाहा. १ मिलिपेक्षा कमी उरलं तर पातळी ०. १ ते ४ उरलं तर १. ४ ते ८ उरलं तर २. ८ पेक्षा जास्त उरलं पण थेंब पडत होते तर ३. काहीच पडलं नाही तर ४. दाट करायची पावडर टाकल्यावर डब्यावर लिहिलेला वेळ थांबूनच मोजा, कारण काही पावडरी उभ्या उभ्या आणखी घट्ट होत जातात.

भरवताना : पाठ सरळ, कंबर ९० अंशांत, पाय जमिनीवर टेकलेले. भरवणाऱ्याने समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसायचं. उभं राहून भरवलं की तो मान वर करतो आणि अन्न श्वासनलिकेत जायला वाट मोकळी होते. एका वेळी एक चमचा, पुढचा घास आधीचा गिळल्यावरच. हनुवटी छातीकडे झुकवून गिळायचं का, ते थेरपिस्टने तपासून सांगितलं तरच, सगळ्यांना ते चालत नाही. जेवण झाल्यावर उजव्या गालाच्या आत बोटाने किंवा ओल्या स्पंजने पाहा. त्या गालात अन्न साठतं आणि त्याला ते जाणवतही नाही. नंतर ३० मिनिटं बसलेलाच ठेवा.

दात आणि जीभ दिवसातून किमान दोनदा घासा. तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरले की न्यूमोनियाची भीती असते, जेवण नळीने चालू असलं तरी.

खोकला आला नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका. काहींच्या फुप्फुसात अन्न जातं पण ठसका लागत नाही. जेवणानंतर आवाज ओला, घरघरता होणं, डोळ्यांत पाणी येणं, कारण नसताना ताप येणं, या खुणा वहीत टिपा.

आणि गोळ्या सरसकट कुटून देऊ नका. हळूहळू विरघळणाऱ्या किंवा वरून आवरण असलेल्या गोळ्या कुटल्या की मात्रा बिघडते. आधी औषधवाल्याला विचारा.

---

चांदणवेल

वाचनखूण साठवली. सिरिंजची युक्ती पहिल्यांदा वाचली.

---

धोपटमार्ग

आता खांदा आणि उचलणं. पहिल्या आठवड्यात घरचे नकळत जी इजा करतात ती इथेच.

लुळ्या हाताचा खांदा स्नायूंनी धरून ठेवलेला नसतो, हाताच्या वजनाने तो खोबणीतून खाली सरकतो. काखेत हात घालून उचललं किंवा उजवा हात धरून ओढलं की आतले तंतू दुखावतात आणि पुढचे कित्येक महिने खांदादुखीमुळे व्यायामच होत नाही. घरात येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगा : उजव्या हाताला धरून कुणी उठवायचं नाही. कमरेला रुंद पट्टा बांधा आणि तो धरा.

बसलेला असताना उजवा हात कायम टेकलेला हवा, मांडीवर उशी किंवा खुर्चीच्या हातावर फळी. झोळी फक्त उभं राहताना आणि चालताना. दिवसभर झोळीत ठेवलं तर कोपर वाकलेल्या स्थितीत आखडतं आणि हात आहे हेच मेंदू विसरतो. छताला कप्पी लावून चांगल्या हाताने लुळा हात वर ओढायचा व्यायाम कुणी सुचवला तर नको म्हणा.

पलंगावरून खुर्चीत नेताना :
खुर्ची चांगल्या बाजूला, म्हणजे डावीकडे, पलंगाशी ३० ते ४५ अंशांचा कोन करून. ब्रेक लावा, पायटे (पाय ठेवायच्या पट्ट्या) बाजूला करा. आधी पलंगाच्या कडेला एक-दोन मिनिटं बसवा, कारण रक्तदाब खाली येऊन डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. दोन्ही पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे. तुम्ही समोर, तुमचे गुडघे त्याच्या उजव्या गुडघ्याला बाहेरून आणि समोरून अडवून, म्हणजे तो मोडणार नाही. मग त्याने पुढे झुकायचं, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतकं. बहुतेक चुका इथे होतात : घरचे त्याला सरळ वर ओढतात आणि तो मागे पडतो. झुकल्यावर ढुंगण आपोआप उचललं जातं. मोजून तीन म्हणा, वळा, खुर्ची पायाला लागली की हळू बसवा.

पलंगाची उंची अशी हवी की बसल्यावर कंबर गुडघ्यांपेक्षा किंचित वर राहील. खालचा पलंग असेल तर पायांखाली घट्ट ठोकळे लावा, नुसत्या विटा ठेवू नका, सरकतात.

दोघांची गरज असताना एकाने 'जमेल' म्हणून प्रयत्न करू नये. वहिनींची कंबर गेली तर घरात दोन रुग्ण होतील.

---

चांदणवेल

रात्री झोपताना कसं ठेवायचं?

---

धोपटमार्ग

साधारण दर दोन तासांनी कूस बदला. उजव्या कुशीवर झोपवायचं असेल तर खांदा शरीराखाली दाबू देऊ नका, खांद्याचं पातं पुढे ओढून घ्या. डाव्या कुशीवर असेल तर उजवा हात समोर उशीवर, मनगटासकट. टाचा गादीवर दाबून ठेवू नका, पोटरीखाली उशी ठेवून अधांतरी ठेवा. एका पोटरीला सूज, दुखणं किंवा गरमपणा आला तर मालिश अजिबात नको. शिरेत गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉक्टर.

---

आडवाट

बोटं किंचित उघडतात म्हणतायत. मग रबरी चेंडू दाबायला द्यावा. हाताची ताकद त्यानेच येते.

---

ऐलतीर

चेंडू नको. त्याने हात अजून ताठ होतो, मूठ उघडतच नाही.

---

कंदील

दोघांचंही अर्धं बरोबर. बळ वाढवणाऱ्या व्यायामाने ताठरता वाढते हा जुना समज आहे, त्याला पुरेसा आधार नाही. पण चेंडू दाबण्यात मिटण्याचा सराव होतो आणि पक्षाघातानंतर अवघड असतं ते उघडणं. ग्लास धरायला मिटावं लागतं, पण त्याआधी उघडावं लागतं आणि नंतर सोडावंही लागतं. म्हणून सराव 'धर आणि सोड' असा ठेवा : टेबलावर सुकं फडकं, हलका प्लास्टिकचा पेला, बाटलीची झाकणं. वस्तू उचलून शेजारच्या वाटीत टाकायची. ६० सेकंदांत किती टाकल्या ते लिहायचं.

आणि बोटं किंचित उघडतायत ही या धाग्यातली सगळ्यांत चांगली बातमी आहे. २०१० च्या एका डच अभ्यासात, पहिल्या ७२ तासांत बोटं थोडी उघडणारे आणि खांदा थोडा बाजूला नेणारे ९८ टक्के रुग्ण सहा महिन्यांनी हाताने काही ना काही काम करू शकत होते. दोन्ही न जमणाऱ्यांत हे प्रमाण २५ टक्के होतं. या हालचाली नेमक्या कुठल्या दिवशी दिसू लागल्या ते रुग्णालयाच्या नोंदीतून काढा आणि अर्जात लिहा.

पुढे मनगट साधारण २० अंश आणि बोटं १० अंश मागे न्यायला जमली की 'निर्बंध थेरपी'ची चौकशी करा. चांगल्या हाताला हातमोजा घालून, जागेपणीचा बहुतेक वेळ दुखऱ्या हातालाच काम करायला लावायचं. 'एक्साइट' चाचणीत २२२ रुग्णांवर, पक्षाघातानंतर ३ ते ९ महिन्यांच्या काळात, दोन आठवडे हे करून घेतलं आणि सुधारणा वर्षभरानंतरही टिकलेली दिसली (२००६). आत्ता नको. उभं राहताना आधारासाठी चांगला हात लागतो, तो बांधला तर पडेल.

---

ऐलतीर

'सोडण्या'चा मुद्दा पटला. ताठरतेबद्दल एक भर : बॅक्लोफेन (ताठरता कमी करणारं औषध) सुरू असेल तर ते स्वतःच्या मनाने अचानक बंद करू नका, फिट येऊ शकते. आणि बोट्युलिनम इंजेक्शन दिलं तर त्याचा परिणाम साधारण तीन महिनेच असतो. स्नायू सैल असतानाच ताणण्याचा आणि वापरण्याचा सराव रोज करायचा. नुसतं इंजेक्शन घेऊन बसलं तर तीन महिन्यांनी हात होता तिथेच.

---

पाणवठा

सगळ्यांचे मनापासून आभार. सिरिंज आणि कमरेचा पट्टा आजच आणले.

आणखी एक विचारायचं आहे. तो 'पाणी' म्हणू शकत नाही, पण काल फिजिओने मोजायला सुरुवात केली तर एक ते दहा त्याने स्पष्ट म्हटलं. मध्येच शिवीही निघते, स्पष्ट. आईला वाटतंय की तो मुद्दाम बोलत नाही. आणि मित्रांचा फोन आला की एकदम हुंदके देऊन रडतो, दोन मिनिटांत शांत.

---

शेवंती

आईंना सांगा, मुद्दाम नाही. घोकलेलं, सवयीचं बोलणं (आकडे, वार, प्रार्थना, गाणी, शिव्या) आणि विचार करून शब्द शोधून बोलणं यांचे मेंदूतले रस्ते वेगळे आहेत. डाव्या बाजूच्या इजेत पहिला बऱ्याचदा वाचतो, दुसरा तुटतो. सैनिकाच्या बाबतीत या वाचलेल्या साठ्यात कवायतीचे हुकूम असतात. 'सावधान', 'विश्राम', पावलांची मोजणी. त्यांचाच उपयोग करा : उभं राहताना तीनची मोजणी त्यालाच करू द्या. आवाज आणि हालचाल एकत्र येते, आणि हुकूम देणारा तो असतो.

रोजचं बोलणं :
छोटं वाक्य, एका वेळी एकच गोष्ट, टीव्ही बंद. प्रश्न 'हो-नाही'चे, पण आधी त्याचं 'हो' खरंच 'हो' आहे का ते तपासा. "तुझं नाव अमुक का?" असं चुकीचं नाव घेऊन विचारा. अनेकांची मान 'हो'साठीही आडवी हलते. उत्तराला मोजून १० सेकंद द्या. वाक्य त्याच्यासाठी पूर्ण करायची घाई नको. चित्रांची किंवा फोटोंची छोटी वही करा : पाणी, शौचालय, दुखतंय, कूस बदला, थंडी, एकटं राहू द्या. शेवटचं पान विसरू नका.

सुरावर बोलायला शिकवण्याची एक पद्धत १९७० च्या दशकापासून आहे. शब्द दोन सुरांत ताणून, डाव्या हाताने ताल देत म्हणायचे. समज चांगली आणि बोलणं अडलेलं, अशा रुग्णांसाठीच ती बनवलेली आहे. थेरपिस्टला नेमकं याबद्दल विचारा.

---

कंदील

रडण्याबद्दल. एकदम येणारं, दोन मिनिटांत थांबणारं, प्रसंगाच्या मानाने फार मोठं रडणं (किंवा हसणं) ही भावनेवरचा मेंदूचा लगाम सैल झाल्याची खूण असू शकते. त्यावर उपचार आहेत. "सैनिक असून रडतोस?" असं कुणीही, प्रेमानेसुद्धा, म्हणू नये. त्या क्षणी विषय बदला, कूस बदला, पाणी द्या (दाट केलेलं), झालं.

नैराश्य वेगळं. पक्षाघातानंतर साधारण तिघांपैकी एकाला ते येतं. झोप उडणं, जेवण नाकारणं, व्यायामाला तोंड फिरवणं, डोळे मिटून पडून राहणं दोन आठवडे टिकलं तर सांगा. त्याला बोलता येत नाही, म्हणून बोलण्यावर अवलंबून नसलेली, घरच्यांच्या निरीक्षणावरून भरायची प्रश्नावली मागा. फ्लुओक्सेटीन हे नैराश्यावरचं औषध दिल्याने हात-पाय लवकर सुधारतात अशी आशा होती. ३,१२७ रुग्णांच्या 'फोकस' चाचणीत (२०१८) तसं आढळलं नाही, उलट हाडं मोडण्याचं प्रमाण थोडं वाढलं. नैराश्यासाठी औषध लागलं तर जरूर घ्यावं, हात सुधारेल म्हणून मात्र नाही.

थकव्याला आळस म्हणू नका. आणि सैनिकाच्या बाबतीत उलटाही धोका असतो. थांब म्हटलं तरी तो थांबत नाही. वीस मिनिटांनंतर पाय घासटायला लागला, चेहरा लाल झाला, तरी पुढचं आवर्तन करतो आणि पडतो. त्याला आवर्तनांचा वरचा आकडाही ठरवून द्या आणि तो पाळणं हाही हुकूमच आहे असं सांगा.

---

सांजवात

एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. घरात परवान्याचं शस्त्र असेल तर तो घरी येण्याआधी ते घराबाहेर, अधिकृत ठिकाणी जमा करा. नैराश्याचा धोका, निर्णयशक्तीवर झालेला परिणाम आणि फिट येण्याची शक्यता, तिन्ही कारणं आहेत. गाडीच्या किल्ल्यांचंही तेच. पक्षाघातानंतर उजवीकडचं अर्धं दृश्य दिसेनासं झालेलं असू शकतं आणि ते माणसाला स्वतःला कळत नाही. दृष्टिक्षेत्राची तपासणी झाली का ते विचारा.

---

पाणवठा

शस्त्र नाही. दृष्टीची तपासणी झालेली नाही, उद्या विचारते. कारणाबद्दल : अहवालात मानेच्या डाव्या धमनीच्या आतल्या थराला चीर पडली होती असं लिहिलंय. पक्षाघाताच्या चार दिवस आधी सरावात पडून मानेला हिसका बसला होता.

---

सांजवात

मग हे दोन कारणांसाठी ठळक करा.

एक, उपचार. मान कडकडा मोडणं, मानेला जोरात मालिश, हाडं बसवणाऱ्याकडे नेणं पूर्ण बंद. घरी येणारा मालिशवाला मानेपासूनच सुरुवात करतो, त्याला आधीच सांगा. नवी मानदुखी, एकीकडची तीव्र डोकेदुखी किंवा एक पापणी खाली येणं दिसलं तर तातडीने दाखवा. चीर भरून आली का हे पाहायला पुन्हा स्कॅन कधी, तेही विचारून ठेवा.

दुसरं, सेवेची नोंद. अपंगत्वाचे लाभ ठरवताना आजार सेवेमुळे झाला की सेवेत वाढला, हा प्रश्न कळीचा असतो. सरावातली ती पडझड नोंदवली गेली होती का? तारीख, वेळ, कुठला सराव, कुणासमोर, प्राथमिक उपचार घेतले का. नोंद नसेल तर साक्षीदारांचे लेखी जबाब आत्ताच घ्या, बदल्या झाल्या की माणसं सापडत नाहीत. सोबत मागच्या वार्षिक तपासण्यांतले रक्तदाबाचे आकडे जोडा. ते नॉर्मल असतील तर रक्तदाबाकडे बोट दाखवायला जागा राहत नाही.

वैद्यकीय मंडळापुढे तात्पुरती वैद्यकीय श्रेणी (सेवेसाठी किती तंदुरुस्त ते ठरवणारी) मागा, पुनर्तपासणीच्या तारखेसह. बरीचशी सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते आणि नंतरही हळूहळू चालू राहते. पाचव्या आठवड्यात कायमचा शिक्का बसू नये.

---

ऐलतीर

अवांतर : शरीराच्या डाव्या बाजूचा पक्षाघात असलेले काही रुग्ण ताटातलं फक्त उजवीकडचं जेवतात, ते का?

---

शेवंती

@ऐलतीर, मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की डावीकडच्या जगाकडे लक्षच जात नाही. दिसत असतं, पण 'आहे' असं जाणवत नाही. तिथे डावीकडे ठळक रंगाची पट्टी लावून "पट्टी दिसेपर्यंत मान वळव" असं शिकवतात. इथे शरीराची उजवी बाजू लुळी आहे, त्यामुळे शक्यता कमी, पण तपासणी मात्र व्हावी.

---

पाणवठा

नवा मसुदा :

"वय ३८. डाव्या मानेच्या धमनीतील चिरेमुळे पक्षाघात, पाच आठवडे. बार्थेल ३५ (बाबनिहाय तक्ता सोबत). आधाराशिवाय १५ मिनिटं बसतो, दोघांच्या आधाराने ४० सेकंद उभा राहतो. सलग २५ मिनिटं व्यायाम झेपतो, दिवसातून तीनदा. उजवा खांदा उचलणं व बोटं उघडणं सहाव्या दिवसापासून. गिळणं : पातळी २ चे द्रव. समज चांगली, बोलणं अडलेलं, आकडे म्हणता येतात. विनंती : दाखल करून फिजिओ, ऑक्युपेशनल आणि स्पीच थेरपी. उद्दिष्ट : चालायला लागावा."

---

त्रिज्या

आधीच्या दोन ओळींपासून फार पुढे आलात. फक्त उद्दिष्ट बदला. 'चालायला लागावा' मोजता येत नाही. असं लिहा : "आठ आठवड्यांत : पलंगावरून खुर्चीत एका माणसाच्या आधाराने. काठी आणि घोट्याच्या पट्टीसह १० मीटर चालणं. शौचालयाला स्वतः जाणं. किमान २० गरजेचे शब्द किंवा खुणा." १० मीटरला २५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर माणूस साधारण घरापुरता चालतो, साडेबारा सेकंदांच्या आत आला की बाहेर वावरू शकतो. हे दोन टप्पे पुढच्या अर्जांत वापरता येतील.

घरात काय आहे तेही जोडा : किती माणसं, दिवसा कोण, जिने किती, शौचालय कुठल्या मजल्यावर, दारांची रुंदी किती. केंद्र घरी सोडण्याची तयारी या माहितीवरूनच पहिल्या दिवसापासून करतं. आणि "घरच्यांना हाताळणीचं प्रशिक्षण द्यावं" ही मागणी वेगळ्या ओळीत लिहा, नाहीतर ती राहून जाते.

---

धोपटमार्ग

काठीचं आत्ताच सांगून ठेवतो. काठी चांगल्या, म्हणजे डाव्या हातात. उंची मनगटाच्या घडीइतकी, कोपर २० ते ३० अंश वाकलेलं. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा.

---

सांजवात

फ्रिजवर लावायचा कागद : चेहरा वाकडा, हात गळणं, बोलणं बिघडणं, अचानक तोल जाणं किंवा दिसेनासं होणं, यातलं काहीही *नव्याने* झालं तर रुग्णवाहिका. शेवटचा बरा कधी दिसला ती वेळ लिहा, कारण गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची साधारण वेळमर्यादा साडेचार तासांची असते. त्याचं बोलणं आधीच अडलेलं आहे, तेव्हा 'नव्याने' म्हणजे काय हे कळण्यासाठी आजच्या स्थितीचा एक मिनिटाचा व्हिडिओ प्रत्येकाच्या फोनमध्ये ठेवा.

---

पाणवठा

व्हिडिओ करून घेतला. उद्दिष्टं बदलली, घराचा तपशील जोडला. दाराची रुंदी मोजली, ७० सेंटीमीटर, चाकाची खुर्ची ६३. दोन्ही अर्ज उद्या सकाळी जातील.

---

शेवंती

खुर्ची जाईल, पण चाक ढकलताना त्याच्या हाताची बोटं चौकटीत चिरडतील. दारातून नेताना दोन्ही हात मांडीवर. आणि सिरिंज तपासून घ्या : ० ते १० मिलि खुणांमधलं अंतर ६१.५ मिमी हवं. काही १० मिलिच्या सिरिंजा आखूड आणि जाड असतात, त्यांत पातळी चुकीची येते.